सी ड्राइव्हची लाल पट्टी

रात्रभर अपडेट चाललं. सकाळी लॅपटॉप म्हणाला,
नमस्कार, सगळं तुमच्यासाठी तयार आहे.
सगळं म्हणजे काय, तर सी ड्राइव्हखाली लाल पट्टी,
दोनशे अडतीस जीबीत शिल्लक चारशे एमबी,
आणि पंखा असा, की खालच्या चक्कीत
कुणी ओली डाळ टाकलीय.

मालेगाव स्टँडच्या उतारावर माझा गाळा. सात बाय नऊ.
लॅपटॉप दहा वर्षांचा. 'ळ'चं बटण उडालंय,
खालचं रबर काडीने दाबतो.

साडेनऊला खैरनार आले, म्हसरूळचे.
उद्या आईची दशक्रिया. रामकुंडावर, आठ वाजता.
एक फ्लेक्स हवा, तीन बाय चार, फोटो मोबाइलमध्ये आहे.
पान उघडलं. मशीन म्हणालं, जागा नाही.
ते स्टुलावर बसले. म्हणाले, होऊ द्या सावकाश.
सावकाश म्हणणाऱ्या माणसासमोर
माझे हात जास्त चुकतात.

मग खोडायला बसलो.
आधी रिसायकल बिन रिकामा केला.
मग वीजबिलाची एकच पीडीएफ, पंधरा वेळा उतरवलेली.
मग नगरसेवकाचे वाढदिवस: फायनल, फायनल दोन,
फायनल खरंच, फायनल साहेबांनी बघितलेलं.
पिंपळगावच्या द्राक्षपेट्यांची लेबलं;
त्यातले दोघे व्यापारी आता एकमेकांशी बोलत नाहीत,
फाइल मात्र अजून एकच.
सिंहस्थाच्या पार्किंगचा नकाशा, मागच्या वेळचा.
इथे बोट अडलं.
रस्ते बदलले, मैदानांवर इमारती आल्या,
तरी बारा वर्षांनी येणारी गोष्ट खोडायला
वेगळा माणूस लागतो. तो मी नाही.
नकाशा पेनड्राइव्हवर टाकला.

पट्टी लालच.

खरी जागा अडवली होती दुसऱ्याच फोल्डरने.
जुनी सिस्टीम. कालपर्यंत जी चालत होती ती,
अपडेटने टाकली नव्हती, बाजूला निजवून ठेवली होती,
एकवीस जीबी.
खाली बारीक अक्षरात, दहा दिवस राहील,
वाटलं तर परत जाता येईल,
त्यानंतर आपोआप जाईल.

खैरनारांनी पुढे वाकून वाचलं.
"दहाच का?"
"कंपनीचा नियम."
"कंपनी कुठली?"
"अमेरिकेतली."
"म्हणजे तिकडेही असंच," म्हणाले, आणि चष्मा काढून
सदऱ्याला पुसत राहिले.

मी खोडा दाबलं. मशीनने विचारलं,
मागे परतता येणार नाही, नक्की?
"आज पहिलाच दिवस आहे हो तिचा," मी म्हणालो,
उगाच, जुन्या सिस्टीमची बाजू घेत.
"दाबा," ते म्हणाले. "आमचीला बसायला
कुठेतरी जागा पाहिजे ना."

पट्टी निळी झाली. पंखाही जरा शांत.
फोटो मोठा केला: शेवग्याखाली खुर्ची, नाकात मोरणी,
खांद्यावर कुणाचा तरी हात, मनगटापर्यंतच.
हात काढतो, म्हणालो.
राहू द्या, धाकटीचा आहे.

गाव आधी टाइप केलं, ळ काडीने.
मग नाव. कै. पार्वताबाई.
स्क्रीनवर आलं: कै. पावताबाई.
पुन्हा टाइप केलं. पुन्हा पावता.
जुन्या फॉन्टची काही तरी चावी
त्या एकवीस जीबीबरोबर गेली होती,
आणि रफार तिच्याबरोबर.
खैरनार काही बोलले नाहीत. फक्त स्टूल
इंचभर पुढे सरकवलं.

बिनमध्ये 'फायनल खरंच' अजून पडून होतं.
परत आणलं. गुलाबी फेटा, फुलांचा वर्षाव,
आणि खाली ठळक पिवळ्यात: आमचे मार्गदर्शक.
मार्गदर्शकात रफार दोन असतात.
एक कापून घेतला, पिवळ्याचा काळा केला,
आईच्या व-वर नेऊन ठेवला.
थोडा डावीकडे. अजून थोडा.
"बसला," खैरनार म्हणाले.

सेव्ह केलं. या वेळी मशीन काही बोललं नाही.
साहेबांना एक पुरतो.